दुसरं आमेन

सेक्रेटरींनी घसा खाकरून गावातल्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास वाचायला घेतला, आणि पायपेटीवर बसलेल्या धाकटीचे पाय आपोआप चालू झाले. वाजवायचं काहीच नव्हतं. नुसताच भाता फुसफुसत होता. पाळकसाहेबांनी वळून बघितलं तेव्हा तिने पाय आवरले, पण जरा वेळ जातो न जातो तोच पुन्हा सुरू.

तिचं सगळं लक्ष पुढच्या बाकाकडे होतं. तिथे तिची ताई बसली होती. ओढ्यापलीकडच्या देवळाचं छप्पर बसलं, तिकडे माणसंही मूठभरच उरली, म्हणून आजपासून दोन्ही मंडळ्यांची उपासना एकत्र. पलीकडचे बाकी सगळे दाराजवळ अंग चोरून बसले होते, उठून जायला सोपं पडावं असे. ताई तेवढी पुढे आली होती.

सेक्रेटरी रंगात आले होते. पहिली वीट कोणी ठेवली, घंटा कुठून आणली, पुरात देवळात कोणाकोणाची बिऱ्हाडं होती, सगळं साग्रसंगीत. फुटीची पाळी आली तेव्हा मात्र त्यांनी 'पुढे काही बांधव ओढ्यापलीकडे राहायला गेले' एवढं म्हणून पान उलटलं. राहायला गेले म्हणे! जसं काही तिकडचं पाणी मानवत होतं.

खरं काय ते बाकांवरच्या प्रत्येकाला पाठ होतं. मंडळीचे पहिले पाळक म्हातारपणी ठार बहिरे झाले. आशीर्वाद देऊन डोळे मिटून उभे राहायचे, आणि आमेन ऐकू आल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत. म्हणून लोक एकदा आमेन गायचे आणि मग त्यांच्यासाठी पुन्हा, जोरात. ते गेले. नवे आले त्यांचे कान शाबूत होते, पण तोवर दुसरं आमेन ही श्रद्धाच होऊन बसली होती. निम्मे म्हणाले, पुरे आता. निम्मे म्हणाले, हे धर्म बुडवायला निघाले. झालं. भाऊ भावाच्या दारात जाईना. ओढ्यापलीकडे एकच आमेन गाणारं दुसरं देऊळ उभं राहिलं, आणि पुढे ताईचं लग्न नेमकं तिकडच्या घरात झालं.

आईला माती दिली तेव्हा अलीकडच्यांनी दुसरं आमेन धरलं आणि ताईने ओठ मिटून घेतले. आईसाठीसुद्धा हिचं तोंड उघडू नये, हे धाकटीच्या इतकं जिव्हारी लागलं की तेव्हापासून तिने ताईशी बोलणं टाकलं. आणि आज आशीर्वादानंतर एक वाजवायचं की दोन, हे तिच्यावर येऊन पडलं होतं. पाळकसाहेबांनी अंग काढून घेतलं होतं. दोन्हीकडचे आपलेच, मी कोणाला दुखवू, म्हणाले. सेक्रेटरींनी दारातच बजावलं होतं, दोन म्हणजे दोन. दोन वाजवली तर ताई उठून जाईल आणि पुन्हा म्हणून यायची नाही. एक वाजवलं तर आईला सोडल्यासारखं होईल. धाकटीला धड बसवेना. भाता पुन्हा फुसफुसायला लागला.

इतिहास संपला. पाळकसाहेबांनी हात वर करून आशीर्वाद दिला. धाकटीने सूर धरला आणि सगळं देऊळ गायलं, आमेन.

मग तिने हात उचलले. पायही.

पेटी थांबली की थांबायचं, ही इथली जुनी सवय. सेक्रेटरींनी वासलेला आ तसाच राहिला. मागे कोणीतरी पुटपुटलं. धाकटीने मान खाली घातली. आईची आठवण येऊन तिला भडभडून आलं.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून आवाज आला.

"आमेन."

एकटाच, चिरका, सूर सोडून, आणि बहिऱ्या माणसाला ऐकू जावा इतका मोठा. ताई उभी राहिली होती. बाकी कोणीच गात नाही हे ध्यानात आल्यावर ती कानापर्यंत लाल झाली.

"आता का गप्प बसलीस?" ती सगळ्यांदेखत धाकटीला म्हणाली. "घरी दार लावून घोकलंय मी हे."

धाकटीने घाईघाईने हात टेकवले. पेटीतून नुसता उसासा निघाला. भाता रिकामा झाला होता. तिने दोन्ही पायांनी जोर लावला.

"थांब ताई," ती म्हणाली, "हवा भरू दे."