कडेची बोटं

"यातला एकही माणूस आपला नाही," आत्या म्हणाली आणि तिनं अल्बम मिटला.

काटकोननं चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. त्यानं काही फरक पडला नाही. उभा जन्म छापखान्यात पुस्तकांच्या कडा सरळ कापण्यात गेला, म्हणून तिथल्यांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. निवृत्तीच्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळासोबत तेही घरी आलं. पुढे रिकामा वेळ खायला उठला, तेव्हा त्यानं वाचनालयातल्या एका वर्गात नाव घातलं. विषय होता, आपल्या घराण्याचा इतिहास कसा शोधावा. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करा. काटकोननं ते मन लावून ऐकलं आणि आत्याला शेवटी ठेवलं. आत्या फार बोलते, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

त्याऐवजी त्यानं आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. आजोबांचा फोटो स्टुडिओ होता, त्यामुळे पेटीत फोटोच फोटो. चुलतभावंडं जमली. कुणाला मिशांमध्ये पणजोबा दिसले, कुणाला हनुवटीत चुलत आजी. नाकावर तर एकमत झालं, हे आपलंच नाक. तंटा झाला तो एका देखण्या माणसावरून. चुलतभावंडांतल्या दोन घरांनी त्याला आपापल्याकडे ओढलं. शेवटी तो सामाईक ठेवण्यात आला.

अडचण एकच होती. आजी सापडेना. काटकोनचे वडील रांगत होते तेव्हाच ती गेली, त्यामुळे तिचा चेहरा त्यांनाही कधी सांगता आला नाही. अल्बमचं पहिलं पान काटकोननं तिच्यासाठी मोकळं ठेवलं. मागची पानं भरत गेली, ते तसंच राहिलं. खरं तर हा सगळा उपद्व्याप त्या एका पानासाठी होता. हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं. बायकोला ते माहीत होतं. तिनंच काल आत्याला घरी आणवलं.

"यातला कुणीच नाही?" काटकोननं विचारलं. "नाक तरी बघ."

"नाक सगळ्यांनाच असतं रे. ही गिऱ्हाइकं. फोटो काढून गेली ती गेलीच, न्यायला कुणी फिरकलं नाही. बाबा आशेनं ठेवून द्यायचे."

"आणि आपले फोटो?"

"आपले कशाला काढतील? हलवाई काय घरच्यांना पेढे वाटत बसतो?"

काटकोन खुर्चीत जरा खाली सरकला. इतके महिने त्यानं परक्यांच्या मिशा जपल्या होत्या. पाठीत कळ आली. तीही आताच यायची होती.

"म्हणजे आजीचा फोटोच नाही."

"पुरा नाही." आत्यानं अल्बम पुन्हा उघडला, एक पान डोळ्यांजवळ नेलं. मग दुसरं. मग सावकाश म्हणाली, "पण हात कुठे गेला?"

"कसला हात?"

"अरे, आईचा. मागचा पडदा दाराच्या वाऱ्यानं हलायचा. आई कडेला उभी राहून तो धरायची. प्रत्येक फोटोत तिची बोटं यायची, आणि बाबा गिऱ्हाइकाला देताना तेवढी कड कापून द्यायचे. हे कुणी न्यायला आलं नाही, म्हणून यांत ती राहिली होती."

काटकोननं अल्बम आपल्याकडे ओढला. अल्बमच्या चौकटी सगळ्या एका मापाच्या होत्या. फोटो मात्र तसे नव्हते. प्रत्येकाच्या डाव्या कडेला काहीतरी लुडबुडत होतं, फिक्कट, बिनकामाचं. त्यानं पट्टी लावून ते कापलं होतं. सगळं, एकूण एक. काम बघून तो स्वतःवर खूशही झाला होता.

"कापलंस?" आत्यानं विचारलं.

त्यानं मान हलवली.

"बाबांचं राहिलेलं काम तू पुरं केलंस म्हणायचं," आत्या म्हणाली. "नाकाचं जाऊ दे, हे मात्र घराण्याचं खरं."

स्वयंपाकघरातून बायको आली. टेबलाखालची कागदाच्या कपट्यांची टोपली तिनं पायानं पुढे सरकवली. "रोज म्हणतेय, ही रिकामी करा, ही रिकामी करा," ती म्हणाली. "एकदा माझं ऐकलं नाहीत, ते बरं झालं."

काटकोननं टोपली टेबलावर उपडी केली. पेन्सिलीची टरफलं निघाली, गोंदाची टोपणं निघाली आणि बोटाएवढ्या रुंदीच्या पट्ट्या निघाल्या. आत्या एकेक उचलून लावू लागली. मागचे रंगवलेले पडदे तिला क्रमानं पाठ होते. "तळ्याचा आधी. मग जिन्याचा. मोटारीचा शेवटी."

तळ्याच्या पट्ट्यांत हात कोवळा होता, मनगटात बांगड्या. पुढे अंगठ्यावर भाजल्याचा डाग आला. एका पट्टीत कोपरापाशी कुणाच्या तरी तान्ह्या मुठीनं बाही घट्ट धरली होती. "हा तुझा बाप," आत्या म्हणाली. "खाली ठेवला की रडायचा."

काटकोननं सवयीनं मोजपट्टी आणि कटर हातात घेतला. मग दोन्ही खणात टाकून खण लोटला आणि पहिलं पान पुढे ओढलं. वाकड्यातिकड्या कडा एकीला एक लावत तो चिकटवत गेला.

शेवटचे दोन-तीन तुकडे उरले. पडदा तोच होता, मोटारीचा. हात मात्र लहान होता, आणि पडदा बराच खाली धरलेला.

"ही कोण?" त्यानं विचारलं.

"मी," आत्या म्हणाली. "दाराचा वारा काय, येतच होता."