मागांच्या बाजूने

काचेपलीकडची संशोधक बाई आवाज सोडण्याआधी डावी भुवई किंचित उचलते, हे विणकराने बसल्या बसल्या हेरलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. हेडफोनमध्ये आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. आवाज कसला येतोय. भुवई हलली की तो दाबायचा. मागांच्या खडखडाटात जन्म गेलेला, माणसांचं बोलणं तो तोंडाकडे बघूनच ओळखायचा. मधूनच त्याने एखादं बटण मुद्दाम चुकवलं. सगळीच बरोबर आली तर संशय येतो, एवढा व्यवहार त्याला कळत होता.

बहिरा ठरलो तर मागावरून उचलून गेटवर राखणीला बसवतील, ही धास्ती.

बाईने खुर्ची फिरवली. आता काचेतून नुसती वेणी दिसत होती. वेणीला भुवया नसतात. बटण गप्प झालं.

ती आत आली, समोर बसली.

"काका, माझा चेहरा फार छान ऐकता तुम्ही."

विणकर ओशाळला, पण गडी पट्टीचा. "पास झालो ना, बाई?"

"ही काय शाळा आहे? आणि यातलं काही तुमच्या गिरणीच्या ऑफिसात जात नाही. नावसुद्धा नाही."

"असं सगळेच म्हणतात."

"बरं, नका विश्वास ठेवू. मागांचा आवाज कान किती खातो, ते आम्ही शोधतोय. तुम्ही तिथले सगळ्यात जुने. तुमचेच कान ठणठणीत निघाले तर आम्ही काय लिहायचं? माग निर्दोष. मग आवाज कमी करायला नको, की कुणाला कानात घालायला बोळे नकोत."

विणकराने मनातल्या मनात दोन्ही पारडी जोखली. गेट काही हलकं नव्हतं.

"शेजारच्या मागावर कोण असतं तुमच्या?" बाईने सहज विचारलं.

"माझी मुलगी." विणकर म्हणाला. "आत्ताच लागलीय. घरी अजून पहिल्या हाकेला ओ देते."

बाई उठली. काचेपलीकडे जाऊन पुन्हा खुर्ची पाठमोरी करू लागली. विणकराने काचेवर टकटक केली.

"राहू द्या. बघा माझ्याकडे खुशाल."

त्याने हेडफोन सारखा केला, अंगठा बटणावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

काचेपलीकडे भुवई पुन्हा पुन्हा उचलली जात होती, अंगठा हलत नव्हता. आणि विणकर डोळे उघडत नव्हता.