दुसरी पत्रावळ

"दोन पत्रावळी काहून वं?" शकुबाईनं विचारलं.

दामिनीनं कढईतले वडे उलटले. "एक मामाजींची. एक त्याची."

मामाजी म्हणजे दामिनीचे वारलेले सासरे. त्याची म्हणजे कुणाची, हेही सासूला विचारावं लागलं नाही. कुणीच कधी न पाहिलेला एक माणूस चार महिन्यांपासून या घरात राहत होता. त्याची किडनी दामिनीच्या पोटात होती.

शकुबाईनं कढीत मीठ टाकलं. ते आधीच टाकून झालं होतं.

सर्वपित्री अमावस्या होती. सौंसरच्या त्या गल्लीत घरोघरी खीर शिजत होती आणि कावळ्यांची नुसती चंगळ होती. एरवी हाकलले जाणारे हे पाहुणे आज आमंत्रणाची वाट पाहत छपरांवर ऐटीत बसले होते.

दोन वर्षं दामिनी आठवड्यातून दोनदा बसनं नागपूरला डायलिसिसला गेली. किडनी द्यायला भाऊ तयार होता, नवरा गजेंद्र तयार होता, सासूसुद्धा पदर खोचून पुढं आली होती. पण दामिनी म्हणजे हट्टाची पुतळी. घरातल्या कुणाच्या अंगाला सुरी लावाल तर मी टेबलावरून उठून जाईन, अशी शपथच तिनं घातली. शेवटी पांढुर्ण्याच्या एका एजंटानं परदेशातल्या दवाखान्याचं नाव काढलं. देणारा तिथलाच मिळेल, म्हणाला. तिथले कागद तिथल्याच भाषेत होते. सही करा म्हणाले, तिनं केली.

भूल उतरली तेव्हा समोर एक नर्स होती. दामिनीनं आपल्या पोटावर हात ठेवून खुणेनं विचारलं, देणारा कुठं आहे? नर्सनं मान कलती केली आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं दारासमोरून एक स्ट्रेचर गेलं, पायांपासून डोक्यापर्यंत पांढऱ्या चादरीनं झाकलेलं.

पुढचे सहा दिवस गजेंद्रही तिला दिसला नाही. जंतूंच्या भीतीनं नातेवाइकांना आत सोडत नाहीत, असा एजंटाचा निरोप आला. अनोळखी भाषेतल्या कुजबुजीत ती एकटी पडून राहिली. आपल्यासाठी कुणाला तरी मारलं, हे तिच्या मनानं तिथंच पक्कं केलं.

आता दुपारी गोळ्यांच्या गुंगीत ती ओसरीवरच्या खाटेवर पडे आणि तो स्वप्नात येई. संत्र्याच्या दोन ओळींमधून तो पुढं पुढं चालत असे. झाडांवर फुलंही असत आणि पिकली फळंही, आणि पायाखाली जमीन नसून पाणी असे. "नाव तरी सांगा," ती मागून म्हणे. तो वळत नसे. जागी झाल्यावर तिला रडू येई, आणि आपण जगतो आहोत याची लाज वाटे.

गजेंद्रचंही काहीतरी बिनसलं होतं. यंदा फवारणीचा पंप त्यानं पाठीवर घेतला नाही, गडी हिरामणला लावलं. बायकोची किती काळजी करतो, असं गल्ली म्हणायची. दामिनीला मात्र दिसत होतं की तो तिच्या नजरेला नजर देत नाही. याला सगळं ठाऊक आहे, तिला वाटे. कुणाचा जीव घेऊन आपण परतलो, ते याला ठाऊक आहे.

आज सकाळीच तिनं त्याला म्हटलं होतं, "त्याचं पान तुमच्या हातानं टाका. त्याच्या घरच्याइले तो कुठं गेला हेबी मालूम नसन."

गजेंद्र तिनं दिलेला चहा एका घोटात संपवून उठला.

"बाबाचं टाक. त्याचं टाकू नोको."

"काहून?"

"नोको म्हटलं ना." आणि चपला घालून तो संत्र्याच्या बगीच्याकडं निघून गेला.

म्हणून आता ती स्वतःच दोन्ही पत्रावळी घेऊन जिना चढली. शकुबाई गुडघे धरत मागून आली. स्लॅबवर ऊन मऊ पडलं होतं, लांब कपाशीवर धुरकट उजेड होता, सारं कसं झोपेत असल्यासारखं.

दामिनीनं मनाशी एक ठरवलं होतं. कावळा शिवला तर त्यानं माफ केलं. नाही शिवला तर आजपासून गोळ्या बंद. डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं, गोळ्या थांबल्या की शरीर ती किडनी परकी समजून नासवून टाकेल. नासवू दे. ज्याची होती त्याच्याकडं ती तशी तरी जाईल.

तिनं पत्रावळी ठेवल्या आणि हात जोडले.

सासरे रामाजींच्या पत्रावळीवर लगेच तीन कावळे उतरले. जिवंतपणीही त्यांना जेवायला उशीर खपत नसे. वडा गेला, खीर सांडली, भेंडीसुद्धा गेली. दुसऱ्या पत्रावळीकडं एकानंही मान वळवली नाही.

दामिनी थांबली. पाव तास, अर्धा तास. "तुमचं जे राह्यलं असन ते मी करीन," ती पुटपुटली. "लेकरंबाळं असतीन तर शोधीन." कावळे उडून शेजारच्या टिनाच्या छपरावर गेले.

तिनं कमरेची पिशवी सोडली, गोळ्यांची पाकिटं काढली आणि एकेक गोळी फोडून खाली नालीत टाकायला लागली.

"काय करून राहिली वं!" शकुबाईनं तिचं मनगट धरलं.

"सोडा, आई. त्यानं माफ नाही केलं मले. कावळा शिवला नाही."

"कसा शिवन?" म्हातारी ओरडली. "जित्या माणसाचं पान टाकून बसली तू!"

दामिनीचा हात थांबला. "जिता हाय तो? तुम्हाले कसं मालूम? कुठं हाय?"

शकुबाईनं नालीवरून नजर काढली, सुनेची मूठ घट्ट मिटवली आणि रडत रडत म्हणाली, "तुह्याच हातचा चहा पिऊन बगीच्यात गेला हाय. येईनच आता जेवाले."