राखणदाराच्या वहाणा

कॅनडाहून आलेलं पार्सल जानकीने सोडलं आणि तिचा चेहरा पडला. तिने धाडलेल्या वहाणाच परत आल्या होत्या.

"मी तुका सांगलंय ना," दशरथ खाटेवरून म्हणाला. "बर्फात राखणदार व्हाणो घालून फिरतलो? बूट धाडूचे होते."

त्यांचा मधुकर तिथे शाळामास्तर. गाव कसलं, एक रस्ता, एक चर्च, धान्याचं उंच कोठार आणि वेशीच्या पाटीवर वस्तीचा आकडा, दोनशे चाळीस. पुढे आभाळाला टेकेपर्यंत नुसती शेतं. कोकणात प्रत्येक गावाची वेस राखणदार देव सांभाळतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नवा जोड वाहतात. पोराच्या गावाला असा कोणीच नाही हे कळल्यापासून जानकीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. शेवटी मरोळच्या चांभाराकडून तिने हातभर लांबीचा जोड करवून घेतला. सगळी वाकोल्याची चाळ हसली होती.

सोबत पत्र होतं. शेजारची क्षमा वाचू लागली.

"आई, तुझ्या समाधानासाठी जोड कोठारामागे वेशीवर ठेवला होता. फेब्रुवारीत भरदुपारी वादळ आलं. गावाबाहेर माझी गाडी बंद पडली. पांढऱ्याशिवाय काही दिसेना. आता संपलो, असं वाटलं. तेवढ्यात पुढ्यात बर्फावर पावलं उमटायला लागली..." क्षमा थांबली.

"वाच गं," जानकी म्हणाली.

"चालणारा दिसत नव्हता. पावलांमागून मी कोठारापर्यंत पोचलो. नंतर घरोघर विचारलं. त्या दिवशी गावातलं कोणीही बाहेर पडलं नव्हतं. बर्फ वितळल्यावर वहाणा जागच्या जागी सापडल्या. परत पाठवतोय, तळ बघ. इथली माणसं विचारतायत, दुसरा जोड कधी येणार?"

जानकीने वहाण उलटी केली. कोऱ्या वहाणेचा तळ झिजून टाचेला भोक पडलं होतं. पोर वाचलं म्हणून तिला रडू फुटलं, आणि भीतीही वाटली. वहाण तिने हळूच खाली ठेवली.

दशरथ उठला. त्याने ती उचलली आणि पुढच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथलं चामडं पायाच्या बोटांनी दबून बाहेर वाकलं होतं.

मग म्हणाला, "ह्या खेपेक दोन बोटां मोठ्यो करूक सांग. तेका लहान पडल्यो."