मेंढा हट्ट्याला निघाला

"मेंढा देत न्हाई म्हणजे काय?" लक्ष्मीआत्यानं चहाची बशी दाणकन खाली ठेवली. "सख्ख्या बहिणीला न्हाई, अन् त्या हट्टा गावच्या परक्या माणसाला हाय?"

ज्ञानबा मेंढ्याच्या गळ्यात दोरी अडकवत होते. काळाभोर, पिळदार शिंगांचा मेंढा. आखाडा बाळापूरच्या बाजारात त्याच्या तोडीचा दुसरा दाखवावा कुणी! दारात त्याला न्यायला टेम्पो उभा होता.

"अक्का, तुझ्या लग्नात बापानं तुला मेंढ्या दिल्या, त्या ह्याच मेंढवाड्यातल्या. तुझ्या अन् माझ्या कळपाचं रगत एकच. हा तिकडं सोडला तर कोकरं मरतुकडी निघतेल. लई गुणाचा हाय, म्हणून तर दूर धाडून राहिलो."

"बरं बाबा, मेंढा ठेव तुझा." आत्या लगेच हसली. "मंग पोरगी दे! भावाच्या लेकीवर तर माझा हक्क हाय ना? आमच्या सोमेश्वरसाठी आजच सुपारी फोडून टाकू."

सोमेश्वर, आत्याचा मुलगा, ओट्यावर मोबाईलात डोकं घालून बसला होता. स्वतःचं लग्न ठरतंय तरी मान वर नाही!

दाराआड ज्ञानबांची लेक शिवकन्या हे ऐकत उभी होती. ती कृषी पदवीधर. परभणीला एम.एस्सी.ला नंबर लागला होता, तोही तिला हव्या त्याच विषयात, वनस्पती पैदासशास्त्रात. आज प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. घरात विषय काढला की आबा उठून मेंढरांकडे जायचे. म्हणून तिची बॅग पहाटेपासून कडब्याच्या गंजीमागे दडलेली होती. कुणाला काही न बोलता एसटीनं सटकायचं, असा तिचा बेत.

आता तरी आबा काही बोलतील, म्हणून तिनं वाट पाहिली. आबा मेंढ्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. आत आईनं सुपारीचा डबा उघडला. झाकणाचा खट्ट आवाज झाला, आणि शिवकन्येच्या डोक्यातही काहीतरी खट्टकन उघडलं.

"आई, ठेव तो डबा!" ती थेट अंगणात आली. "आबा, जे मेंढ्याला चालत न्हाई, ते मला काहून चालतंय?"

आत्या उसळली. "लाज वाटती का पोरी? सोताला मेंढराच्या रांगेत बसवून राहिलीस!"

"मी कुठं बसवलं, आत्या? मेंढा न्हाई तर पोरगी दे, हे म्हणलं कोण?"

ओट्यावर सोमेश्वर फस्सकन हसला. आईकडं पाहून त्यानं ते खोकल्यावर नेलं.

शिवकन्या आता थांबते कसली! "आबा, मक्याचं झाड सोताच्याच परागावर वाढवत नेलं, की पिढीगणिक खुजं होत जातंय. मंग दूरचा वाण आणून संकर करावा लागतो. कॉलेजात सर हे शिकवून राहिले होते, अन् मला तुमचा मेंढा दिसून राहिला होता. मला हेच शिकायचंय. पावसानं दडी मारली तरी शेंगा धरणारी तूर काढायचीय मला. सुपारी फोडा न्हाईतर पोतंभर फोडा, मी आज परभणीला चालले."

ज्ञानबांनी मेंढा ओढत बाहेर नेला, टेम्पोत चढवला, दोरी आवळून बांधली. मग पाठमोरेच म्हणाले, "कडब्यामागची बॅग आण. हट्ट्याहून परभणी पुढंच हाय."

शिवकन्येचा आ वासलेलाच राहिला. "तुमाला ठाऊक होतं?"

"पहाटं कडबा काढाया गेलो तवाच दिसली." ज्ञानबांनी टेम्पोत तिच्यासाठी जागा झटकली. "पळून जातीस का बोलून जातीस, तेवढंच पाहून राहिलो होतो."