क्रोटनची कुंडी

थोरल्या जाऊबाईंचा आणि माझा क्रोटन एकाच दिवशी, एकाच रोपवाटिकेतून आणलेला. त्यांचा लालभडक, माझा नुसताच हिरवा. आल्यागेल्याने त्यांचं कौतुक करावं आणि मी तोंडदेखलं हसावं. शेवटी त्या माहेरी गेल्या तेव्हा मी गुपचूप कुंड्या बदलल्या.

दोन महिन्यांत माझ्या अंधाऱ्या खोलीत त्यांच्या रोपाला नवी पानं हिरवीच फुटली. माझं रोप मात्र त्यांच्या खिडकीत लाल झालं. मला आणखीच झोंबलं.

त्याची पानं पुसता पुसता जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "क्रोटनला रंग उन्हाने चढतो गं. तुझ्या त्या खोलीत मी नऊ वर्षं काढलीत. कुंड्या हव्या तितक्या वेळा बदल, ही खिडकी मी सोडणार नाही."