उरलेली चार कॉलेजं

"राहू देत ना बाबा, काय खायला मागतायत का?" मुलगी म्हणाली आणि तिने लॅपटॉप मिटला.

प्रश्न चार कॉलेजांचा होता. पाचव्याला, म्हणजे तिला मनापासून हव्या असलेल्या मेडिकल कॉलेजला, होकार कळवून आठवडा झाला होता. उरलेल्यांपैकी दोघांनी जागा देऊ केली होती, दोघांनी मुलाखतीला बोलावलं होतं. यायचं नसेल तर आज पाचपर्यंत कळवा, अशी चौघांचीही नम्र विनंती होती. तेच तिच्या जिवावर आलं होतं. वर्षभर ज्यांच्यापुढे नाक घासलं, ते आता हिच्या उत्तराची वाट बघत होते. ही मजा अशी फुकट कशी घालवायची? आत्याने तर "पाच-पाच कॉलेजं मागे लागलीत" अशी सगळ्या नात्यात दवंडी पिटली होती.

बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. आवाज चढवायची त्यांना सवयच नव्हती. शेजारी बसून ओरडलं की शिकणारा हमखास भिंतीवर जातो, हे ते वीस वर्षं बघत होते.

"कळवून टाक," ते शांतपणे म्हणाले.

"नाही कळवलं तर कुणाचं काय अडणार आहे?"

"माझं अडलं होतं."

लॅपटॉप अर्धवट उघडला. बाबांना डॉक्टर व्हायचं होतं? रक्त तपासायला गेले तरी डोळे गच्च मिटून घेणाऱ्या या माणसाला?

"प्रतीक्षा यादीत पहिला नंबर होता माझा," बाबा म्हणाले. "एक जण गळला की मी आत. पोस्टमन दिसला की त्याच्यामागे धावायचो. शेवटी तो बिचारा दुसऱ्या गल्लीतून जायला लागला. पत्र काही आलं नाही. वर्षभराने तिथे शिकणारा एक मित्र भेटला. म्हणाला, आमच्याकडे चिरफाड शिकायला एका मुडद्यामागे पाच जण, फक्त आमच्याच टेबलावर चौघं. पाचवा कधी फिरकलाच नाही. दुसरीकडे जागा मिळाली होती त्याला. कळवायचं राहून गेलं."

बाबा हसले. मुलगी हसली नाही.

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी तुझे आजोबा अंथरुणाला खिळले. मला गाडी तेवढी येत होती."

तिने खुर्ची पुढे ओढली. तीन कॉलेजांना झरझर पत्रं गेली. चौथ्यापाशी हात अडला. ते सगळ्यात नावाजलेलं कॉलेज होतं, आणि तेवढ्यात तिला एक भन्नाट मुद्दा सापडला.

"पण बाबा, त्या पाचव्याने वेळेवर कळवलं असतं तर तुम्ही डॉक्टर झाला असतात. आई तुमच्याकडे गाडी शिकायला आलीच नसती. मग मी कुठून आले असते? त्याच्या आळसावर तर आपलं अख्खं घर उभं आहे!"

बाबांनी मदतीसाठी आईकडे पाहिलं. आई खिडकीपाशी बसून त्यांच्या शर्टाला बटण लावत होती. गाडी शिकायला आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने खांबाला धडक दिली होती, आणि खाली उतरून खांबालाच झापलं होतं. त्या दिवसापासून बाबांनी तिच्यापुढे कधी वाद घातला नाही.

चौथं पत्र गेलं, पाचला चार मिनिटं कमी असताना. ते गेलं ते आईमुळे. तिने दाताने दोरा तोडला, शर्ट झटकला आणि मान वर न करता म्हणाली,

"ह्यांचं निभावलं गं. पण यादीत लटकलेल्या प्रत्येकाला मी भेटत नसते."